जुन्या छत्रीवर नवा एचडी बॉक्स: कोल्हापुरात एक पावसाळा काढल्यानंतर

दूरदर्शनच्या फ्री डिशचा जुना बॉक्स काढून एचडी बॉक्स लावायचा एवढंच ठरवून बहुतेक जण दुकानात जातात. बॉक्स नवा येतो, चित्र चकचकीत होतं आणि पहिल्या वळवाला पडद्यावर पुन्हा तेच चौकोन. खाली लिहिलेला संच उन्हाळ्याच्या तोंडाला बदलला होता. वळीव, पावसाळा, परतीचा पाऊस असं सगळं त्याच्यावरून गेलंय, तेव्हा कशाचा किती उपयोग झाला हे आता नीट सांगता येतं. पैसे जास्त बॉक्सला गेले, फरक जास्त एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) आणि कनेक्टर (केबलच्या टोकाचे नट) बदलल्यानं पडला.

आधीचा संच असा: ६० सेंटिमीटरची पत्र्याची ऑफसेट डिश, तिच्याबरोबर आलेला मूळचा एलएनबी, मध्ये एक जोड मारलेली साधारण २५ मीटर केबल, एमपेग-२ (जुन्या पद्धतीचा) बॉक्स आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची वायर. आता डिश तीच आहे, बाकी सगळं नवं: युनिव्हर्सल एलएनबी, आरजी-६ ची सलग केबल, कॉम्प्रेशनचे (अवजारानं दाबून बसवायचे) एफ कनेक्टर, डीव्हीबी-एस२ एमपेग-४ (नव्या पद्धतीचा, एचडी) बॉक्स आणि एचडीएमआय. टीव्ही ३२ इंची एलईडी. बॉक्स साधारण हजार-दीड हजारात, एलएनबी दोन-तीनशेत मिळतो. केबल मीटरवर.

डिश का बदलली नाही, ते आधी. फ्री डिशसाठी इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या जागी २०१५ च्या नोव्हेंबरात सोडलेला जीसॅट-१५ आला, पण दोन्हींची जागा ९३.५ अंश पूर्व हीच. म्हणून इतक्या जुन्या छत्र्या न हलवता चालत राहिल्या. पत्र्यावर वरवरचा गंज असला तर काही बिघडत नाही, वाकलेली असली तर मात्र बिघडतं. तपासायची रीत सोपी आहे. डिशच्या काठावर दोन दोरे ताणून एकमेकांना छेद देतील असे बांधायचे. मध्यभागी दोन्ही दोरे नुसते टेकले पाहिजेत. मध्ये फट राहिली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबत असला तर डिश पिळली आहे आणि ती भंगारात द्यावी. ९० सेंटिमीटरची घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. तिनं हिशोबानं साडेतीन डेसिबल जास्त मिळतात, पण वारा जास्त धरते आणि दिशाही जास्त काटेकोर लावावी लागते. कोल्हापुरात फ्री डिशसाठी ६० पुरते.

दिशेचं गणित शहरापुरतं देऊन ठेवतो. कोल्हापूरहून हा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं १२९ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचावर आहे. होकायंत्र नसलं तरी अडत नाही: गच्चीवरून पन्हाळा दिसत असेल तर त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, नाकासमोरची दिशा ढोबळमानानं तीच. ऑफसेट डिश बघायला मात्र फसवी असते. सिग्नल ६० अंशांवरून येतो, पण डिशचं तोंड ३५ अंशांच्या आसपासच वर दिसतं, कारण उरलेले पंचवीसेक अंश तिच्या आकारातच आहेत. नवशिका माणूस हमखास ती आणखी वर उचलतो आणि सिग्नल घालवून बसतो.

उंची ६० अंश असल्याचा पेठांमध्ये मोठा फायदा होतो. समोरची इमारत डिशपेक्षा १० मीटर उंच असली तरी ती पावणेसहा मीटरच्या पलीकडे असली की आड येत नाही. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या बोळात हा हिशोब करूनच जागा ठरवावी. एक बिनखर्चाची तपासणीही आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागं येतो: १३ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ३० सप्टेंबरच्या आसपास अकराला थोडा वेळ कमी असताना. त्या वेळी डिशवर ऊन पडलेलं असेल तर वाट मोकळी आहे. शेजारच्या टाकीची किंवा नारळाच्या झावळीची सावली पडत असेल तर अडथळा तोच. त्याच दिवसांत त्या वेळी काही मिनिटं चित्र जातं, तेव्हा डिशवाल्याला फोन करू नये. सूर्य सरकला की चित्र आपोआप येतं.

आता एलएनबी. जुन्याच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण उन्हानं पिवळं पडून केसासारखं चिरलेलं होतं. कोल्हापूरच्या पावसात एवढी चीर पुरेशी होते. ओळखायची खूण अशी: जोराच्या सरीत चित्र गेलं आणि सर ओसरल्यावर पाच-दहा मिनिटांत आलं, तर तो पावसाचा नेहमीचा परिणाम. पाऊस थांबूनही तासन् तास चित्र नाही, दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर येतं, तर पाणी एलएनबीत किंवा कनेक्टरमध्ये शिरलंय. दुसरी खूण उन्हाळ्यातली. जुन्या एलएनबीच्या आतली वारंवारता तापल्यावर सरकते. मग एप्रिलच्या दुपारी ठरावीक वाहिन्या गायब होतात आणि रात्री परत येतात, बाकीच्या चालूच असतात. अशा वेळी बॉक्स बदलून काही होत नाही. नवा घेताना खोक्यावरच्या ०.१ डेसिबलच्या आकड्याला भुलू नये, तो सगळेच छापतात. झाकण घट्ट आहे का, पोर्टवर रबरी टोपी आहे का, हे हातानं बघून घ्यावं.

एलएनबी कंसात किती फिरवायचा, याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आपल्या अक्षांशावरून या उपग्रहासाठी हिशोबानं सुमारे ४८ अंशांचा पीळ येतो. डिशच्या मागं उभं राहून उपग्रहाकडे बघत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेनं. सरळ लावलेला एलएनबीही चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही, पण तो काठावर चालत असतो आणि ढग आला की आधी तोच पडतो. हिशोबाच्या जागी आणून मग बॉक्सच्या मेनूतला क्वालिटीचा आकडा बघत दोन्ही बाजूंना थोडा थोडा फिरवावा आणि सगळ्यात वरच्या आकड्यावर आवळावा.

क्वालिटी म्हणजे क्वालिटीच, स्ट्रेंग्थ नव्हे. स्ट्रेंग्थचा पट्टा डिश रिकाम्या आभाळाकडे असली तरी भरलेला दिसतो, कारण एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही त्यात मोजला जातो. एका बॉक्सचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघण्यातही अर्थ नाही, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. बॉक्सच्या मेनूत एलएनबी ९७५०/१०६००, ट्रान्सपाँडर ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाकून क्वालिटीचा पट्टा उघडा ठेवायचा. डिशचा पाइप ओळंब्यात आहे याची खात्री आधी करावी, नाहीतर डिशच्या कंसावरचे अंश खोटे बोलतात. मग डिश हलवायची ती अगदी थोडी: ६० सेंटिमीटरच्या डिशचा काठ ५ मिलिमीटर सरकला की दिशा एक अंशानं बदलते. प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबायचं, बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. शेवटी नट आवळताना डिश हमखास सरकते, म्हणून एकदम एकच नट न आवळता आळीपाळीनं आवळावेत, आणि तेव्हाही खाली कुणीतरी पट्टा बघत असावं.

केबल आणि कनेक्टर हा या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग. जुनी केबल सोलली तेव्हा आतली जाळी काळी पडून भुगा झालेली निघाली, जोडापासून चांगली वीतभर आत. ही केबल तोडून पुढचा भाग वापरण्यात काही राम नसतो, पाणी जाळीतून केशाकर्षणानं पुढं सरकतच जातं. नवी सलग टाकावी. कनेक्टर लावताना जाळी मागं दुमडायची, तिचा एकही तंतू मधल्या तारेला लागता कामा नये, आणि मधली तार नटाच्या काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटरच राहिली पाहिजे. कमी राहिली तर संपर्क अर्धवट, जास्त राहिली तर पोर्टच्या आतली पकड पसरते. हातानं पिळून बसवायचे कनेक्टर वर्षभरात सैल होतात. कॉम्प्रेशनचे लावणारं अवजार स्वतःजवळ नसलं तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून दोन टोकं करून घ्यावीत.

काळी इन्सुलेशन टेप गच्चीवर वापरू नये. उन्हात तिचा गोंद वितळतो आणि मग ती पाणी अडवायच्या ऐवजी आत धरून ठेवते. ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप मिळते, ती घ्यावी. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तर कनेक्टरला अजिबात लावू नये, तांबं खातं. एलएनबीचं पोर्ट जमिनीकडे, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली लोंबता झोल: थेंब तिथूनच गळून जातो, भिंतीत जात नाही.

एवढं केल्यावर पावसाळा कसा गेला? जुलै-ऑगस्टच्या संततधारेत चित्र जवळजवळ गेलंच नाही. रिपरिप कितीही दिवस चालली तरी एका वेळी पडणारं पाणी कमी असतं, आणि ६० अंशांच्या उंचीमुळे सिग्नलला पावसातून जावं लागणारं अंतरही कमी. चित्र गेलं ते वळवात आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटी पावसात, तेही काही मिनिटांपुरतं. गंमत म्हणजे पेठेत अजून थेंब नसताना, शिवाजी विद्यापीठाच्या अंगाला आभाळ काळं झालं की पट्टा खाली यायला लागतो. सिग्नल तिकडूनच, दोन-तीन किलोमीटरवरच्या ढगातून येतो. यावर उपाय नाही आणि शोधायचीही गरज नाही. विजा चमकायला लागल्या की मात्र बॉक्सचा प्लग काढून केबलचा नटही बॉक्सपासून सोडवावा. नुसतं बटण बंद करून केबलमधून येणारा झटका थांबत नाही. डिशच्या पाइपाला अर्थिंग नसेल तर ते वायरमनकडून करून घ्यावं.

बॉक्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एमपेग-४ वाहिन्या, ज्या जुन्या बॉक्सला दिसायच्याच नाहीत, त्या आता लागतात. डीडी नॅशनल एचडी ३२ इंचांवर लई भारी दिसतं. एसडी (साध्या दर्जाच्या) वाहिन्या मात्र एसडीच राहतात. एचडीएमआयमुळे अक्षरांच्या कडा स्वच्छ होतात, पण सह्याद्रीचं चित्र एकदम एचडी होईल अशी अपेक्षा ठेवू नये. रिझोल्यूशन १०८०आय, ५० हर्ट्झ ठेवावं आणि आस्पेक्ट रेशो १६:९. कारखान्यातून येताना तो बऱ्याचदा ४:३ वर असतो आणि मग निवेदक आडवे ताणलेले दिसतात. जुन्या टीव्हीला पिनांच्या वायरनं जोडायचं असेल तर एक खोडा आहे: बॉक्सला ३.५ मिलिमीटरची एकच बारीक पिन असते आणि तिच्यातल्या वायरींचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. चित्र काळं-पांढरं, थरथरतं किंवा नुसता आवाज येत असेल तर बॉक्सबरोबर आलेलीच वायर लावून बघावी, आणि तरी नाही आलं तर पिवळी पिन लाल आणि पांढऱ्याच्या जागी लावून बघावी.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. बॉक्स लहान प्लॅस्टिकचा असल्यानं तापतो. टीव्हीमागच्या बंद कप्प्यात ठेवला की दोन-तीन तासांनी रिमोटला उशिरा ओ देतो, बाहेर मोकळ्यावर ठेवला की ठीक. दुसरी, पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग करताना एफएटी३२ फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, क्रिकेटचा सामना तुकड्यांत साठतो.

जुना बॉक्स टाकून द्यायची घाई करू नका. तो चालू-बंद होत असेल, किंवा तापल्यावरच नीट चालत असेल, तर पॉवर सप्लायमधले कपॅसिटर तपासून घ्या. डोकं फुगलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांना दिसतो. तेवढ्याच क्षमतेचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा बसवला की दहा-वीस रुपयांत बॉक्स उठतो. प्लग काढूनही आत काही वेळ भार राहतो, त्यामुळे हे काम रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडेच द्यावं. दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीला असा बॉक्स पुरतो, फक्त एलएनबी दोन तोंडांचा घ्या आणि दुसरी केबल वेगळी टाका. साध्या स्प्लिटरवर दोन बॉक्स जोडले की दोन्हीकडून व्होल्टेज एकाच एलएनबीवर जातं आणि कोणता बॉक्स जिंकेल ते सांगता येत नाही.

फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावानं दिल्या जातात आणि बहुतेक करार ३१ मार्चला संपतात. म्हणून १ एप्रिलच्या सुमारास एखादी वाहिनी गायब झाली तर डिशला हात लावायच्या आधी बॉक्स पुन्हा स्कॅन करा. स्कॅन केल्यावर आवडत्या वाहिन्यांची यादी पुसली जाते, ती आधी कागदावर लिहून ठेवा.