जबड्याच्या दुखण्यावर जळगावात घेतलेले उपचार

मी अमळनेरला २२ वर्षांपासून ब्लाउज शिवते. गेल्या वैशाखात, ऐन लग्नसराईत, उजव्या कानापुढे दुखायला लागलं. तोंड उघडलं की कट्ट वाजायचं आणि सकाळी उठल्यावर जबडा जखडलेला असायचा. कळण्याची भाकरी चावता येईना. सासूबाई रोज विचारायच्या, "काय व्हयनं वं तुले?" एका दवाखान्यात कानाचं दुखणं समजून दोन महिने थेंब दिले, त्याचा काही उपयोग झाला नाही. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी दाढा तपासल्या. दात चांगले आहेत, दुखतोय तो जबड्याचा सांधा, असं सांगून त्यांनी जळगावला रिंग रोडवरच्या फिजिओथेरपीच्या ताईंकडे पाठवलं.

ताईंनी आधी पट्टीने मोजलं. माझं तोंड २८ मिलिमीटर उघडत होतं. एरवी ४० ते ५० उघडतं, स्वतःची तीन बोटं एकावर एक मावतात. माझी दोनही जेमतेम मावली. सांध्यात हाडांच्या मध्ये छोटी चकती असते. ती पुढे सरकली की तोंड उघडताना पुन्हा जागेवर बसते, तेव्हा तो आवाज होतो. "मावशी, नुसत्या आवाजाला घाबरायचं नाही. दुखतं का, अडकतं का, ते बघायचं."

मग हातमोजा घालून त्यांनी एक बोट गालाच्या आतून आणि अंगठा बाहेरून ठेवला, आणि चावण्याचा जाड स्नायू मधे धरून सावकाश दाबत नेला. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. दुखणं सोसेल इतकंच ठेवत होत्या, दर वेळी विचारत होत्या. त्यानंतर कानशिलं, मान, आणि शेवटी खालच्या दाढांवर अंगठा ठेवून जबडा हलकेच खाली ओढला. उठले तेव्हा पट्टीवर ३४ आले होते.

पण खरी गोष्ट त्यांनी दुसऱ्या खेपेला पकडली. मला टेबलाशी बसवून म्हणाल्या, शिवताना बसता तशा बसा. मान पुढे, हनुवटी बाहेर, दात घट्ट दाबलेले. "तोंडात काय धरता?" टाचण्या. दोराही मी दातांनीच तोडायचे. ताई म्हणाल्या, दात एकमेकांना लागावेत ते फक्त जेवताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ 'न' म्हणताना टेकते तिथे टाळूला. हे एवढं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मशीनच्या चाकाला लाल दोरा बांधला. तो दिसला की दात सुटे आहेत का बघायचं. टाचण्यांची गादी मनगटावर आली, कात्री गळ्यात.

घरी करायला सांगितलं ते असं: ओल्या गरम फडक्याचा शेक दोनदा १५ मिनिटं, जीभ टाळूला लावून तोंड उघडणं ६ वेळा, असं दिवसातून ६ खेपा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. पालथं झोपणं, सुपारी, ऊस बंद. पहिले पंधरा दिवस भरीत, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी.

सहा आठवड्यांत सहा खेपा झाल्या, प्रत्येकीचे ४०० रुपये. आता ४१ मिलिमीटर उघडतं. आवाज अजून कधीतरी येतो, पण दुखत नाही. दिवाळीच्या गर्दीत चार दिवस टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या आणि दुखणं लगेच परतलं. फोन केला, तर ताईंनी पैशाची नवी खेप न लावता व्यायामच परत सुरू करायला लावले. हे मला फार आवडलं.

गैरसोय म्हणाल तर जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि रविवारी बंद. अमळनेरहून गाडीने जाऊन येण्यात कामाचा अख्खा दिवस जातो. जबड्याला मार लागला असेल, सूज-ताप असेल किंवा तोंड उघडं राहून मिटतच नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जा, असं त्या स्वतःच सांगतात.

माझ्याकडे दोन मुली शिकायला येतात. दोघींच्याही तोंडात टाचण्या असायच्या. खणाच्या उरलेल्या तुकड्यांच्या दोन गाद्या शिवून मी त्यांच्या मनगटांवर बांधल्या आहेत.