पेपर श्रेडर घेताना: पट्टी, तुकडा की भुगा?

श्रेडरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेलं असतं ते 'एका वेळी ८ कागद' किंवा 'एका वेळी १२ कागद'. निवड करताना हाच आकडा सगळ्यात कमी कामाचा. कामाच्या दोन गोष्टी मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतात: कागदाचा तुकडा केवढा होतो आणि मोटर सलग किती मिनिटं चालते. पहिलीवर कागदावरचा मजकूर कितपत सुरक्षित राहतो ते ठरतं, दुसरीवर यंत्र किती टिकतं ते.

तुकडा केवढा

स्ट्रिप कट यंत्र कागदाच्या लांब पट्ट्या पाडतं. ६ मिमी रुंदीनं ए४ कागदाच्या ३५ पट्ट्या होतात. क्रॉस कटमध्ये पट्टी आडवीही कापली जाते. ४ × ३८ मिमीचा तुकडा धरला तर त्याच कागदाचे सुमारे ४१० तुकडे. मायक्रो कटमध्ये २ × १५ मिमीनं दोन हजारांवर, म्हणजे जवळजवळ भुगाच.

पट्टीचं दुखणं एका पावतीवर कळतं. पावती आडवी घातली की छापील ओळी पात्यांना समांतर जातात. ओळीची उंची चार-पाच मिमी आणि पट्टी ६ मिमीची. खाते क्रमांकाची अख्खी ओळ एकाच पट्टीवर शाबूत बाहेर पडू शकते. कागद उभा घातला तर ओळ तुटते खरी, पण पट्ट्या बऱ्याचदा डब्यात शेजारीशेजारीच पडतात. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात पट्ट्या करून टाकलेले कागद नंतर पट्टीला पट्टी लावून जुळवले गेले आणि छापूनही काढले गेले. तेव्हा संगणकाची मदत लागली नव्हती.

तुकड्याच्या आकाराला श्रेणी आहेत: जर्मनीच्या डीआयएन ६६३९९ या मानकातून आलेल्या आणि पुढे आयएसओ/आयईसी २१९६४ मध्ये घेतलेल्या. कागदासाठी पी-१ ते पी-७. पी-२ म्हणजे ६ मिमीपर्यंतची पट्टी. पी-४ म्हणजे १६० चौ. मिमीपर्यंतचा तुकडा, पी-५ म्हणजे ३० चौ. मिमीपर्यंतचा आणि पी-७ म्हणजे फक्त ५ चौ. मिमी. इथे एक फसगत नेहमीची आहे. ५ × ४६ मिमीचं यंत्रही 'क्रॉस कट' म्हणूनच विकलं जातं, पण गुणाकार केला तर २३० चौ. मिमी येतात, म्हणजे ते पी-३ मध्ये बसतं. नावावर जाऊ नका, लांबी-रुंदी शोधा आणि गुणून पाहा.

घरच्या बँक स्टेटमेंटना, ओळखपत्रांच्या झेरॉक्सना, जुन्या बिलांना पी-४ पुरतं. पगारपत्रकं, रुग्णांचे कागद, करारांचे मसुदे रोज फाडणाऱ्या ऑफिसनं पी-५ घ्यावं. पी-६ आणि पी-७ हे सरकारी गुपितांचे प्रकार. ज्यांना ते लागतात त्यांना आधीच माहीत असतं. 'बारीक तेवढं चांगलं' म्हणून घरी मायक्रो कट आणण्याआधी त्याची दुसरी बाजू बघा. तेवढ्याच ताकदीच्या मोटरवर ते क्रॉस कटपेक्षा कमी कागद घेतं, हळू चालतं, तेल जास्त मागतं, आणि डबा रिकामा करताना भुगा हाताला, कपड्यांना, फरशीला चिकटत राहतो. एक फायदा मात्र खरा: भुगा दाबून बसतो, म्हणून त्याच डब्यात जास्त कागद मावतात.

मोटर किती वेळ दम धरते

घरगुती यंत्रावर '२ मिनिटं चालू, ३० मिनिटं विश्रांती' अशा स्वरूपाचं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ हिशोब केल्यावर उलगडतो. ८ कागदांचं यंत्र प्रत्यक्षात ६ कागदांवर नीट चालतं, कारण खोक्यावरचा आकडा नव्या, धारदार पात्यांचा आणि बऱ्याचदा ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम) पातळ कागदाचा असतो. कागद सरळ करून घालण्यात वेळ जातो. दोन मिनिटांत दहा-अकरा घास, म्हणजे साठ-पासष्ट कागद. मग अर्धा तास थांबा. ५०० कागदांचा गठ्ठा संपवायला पावणेचार तास लागतात. आठवड्याला वीस-तीस कागद असतील तर हे अजिबात खुपत नाही. वर्षाअखेरीस कपाट रिकामं करायचं असेल तर मात्र जीव नकोसा होतो.

ऑफिसच्या यंत्रात मोटर मोठी, थंड राहण्याची सोय चांगली आणि दातेरी चाकं धातूची असतात. सलग अर्धा तास चालणारं, १२ कागद सहज घेणारं यंत्र तोच गठ्ठा दहा-बारा मिनिटांत उरकतं. स्वस्त यंत्रात प्लास्टिकची चाकं असतात. जाड गठ्ठा अडकला की मोटर जोर लावते आणि आधी चाकाचे दाते जातात. त्यामुळे दोन यंत्रांत निवड अडली असेल तर दोन कागद कमी घेणारं, पण जास्त वेळ चालणारं उचलावं.

विश्रांतीच्या आधीच यंत्र बंद पडलं तर ते बिघडलेलं नसतं. मोटर तापली की आतला स्विच वीज तोडतो. झाकण न उघडता, बटणं न दाबता तसंच थंड होऊ द्यावं.

डबा, तोंड आणि सेन्सर

घरी १०–१५ लिटरचा डबा चालतो. चार-पाच जणांच्या ऑफिसात २० लिटरच्या खाली जाऊ नये. डोकं (वरचा पाती-मोटरचा भाग) उचलून डबा रिकामा करण्यापेक्षा खालून ओढून काढायचा डबा बरा, कारण उचललेल्या डोक्याच्या पात्यांतून कचरा सगळीकडे सांडतो. तोंडाची रुंदी ए४ साठी २२० मिमी लागते. कार्ड आणि सीडीची वेगळी खाच असेल तर तिथे नेमकं काय होतं ते विचारा. कागदाचे ४०० तुकडे करणारं यंत्र सीडीचे बहुधा चार-पाच तुकडेच करतं.

घरात लहान मूल, मांजर असेल तर कागद घालताच आपोआप सुरू होणारं यंत्र काम नसताना सॉकेटमधून बंदच ठेवावं. सेन्सरला कागद आणि इवलंसं बोट यातला फरक कळत नाही. हा सेन्सर बहुधा तोंडाच्या मधोमध असतो, म्हणून अरुंद पावती कडेला घातली तर यंत्र जागचं हलत नाही. उलट, त्याच्यावर धूळ बसली की कागद नसतानाही यंत्र चालूच राहतं. प्लग काढून कोरड्या कापसाच्या काडीनं पुसलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

बिघडतं कशामुळे

बहुतेक वेळा कागद तिरका जातो. एक कोपरा आधी ओढला जातो, कड दुमडते, आणि ६ कागदांची जाडी त्या कडेला १२ ची होते. अडकलं की थोडं रिव्हर्स, थोडं पुढे, असं आलटूनपालटून करावं; तरीही सुटलं नाही तर प्लग काढून चिमट्यानं खालच्या बाजूनं ओढावं. डबा काठोकाठ भरू देणं हे दुसरं कारण. तुकडे पात्यांना टेकतात आणि रिव्हर्स करताच वर खेचले जाऊन गुंडाळतात.

स्टेपलरची छोटी पिन बरीच यंत्रं पचवतात. यू-पिना आणि फाइलच्या पत्र्याच्या पट्ट्या नेहमी काढाव्यात. चिकट लेबलं, गोंद लावलेली पाकिटं, लॅमिनेशन घालू नका. गोंद पात्यांवर बसतो, त्यावर कागदाची धूळ, आणि महिनाभरात ८ कागदांचं यंत्र ५ वर कण्हायला लागतं.

त्यावर उपाय तेल. डबा रिकामा कराल तेव्हा एका कागदावर श्रेडरच्या तेलाची नागमोडी रेघ ओढून तो आत घाला, मग दोन-तीन सेकंद रिव्हर्स. मायक्रो कटला हे जास्त वेळा लागतं. स्प्रेच्या डब्यातून फवारायचं वंगण वापरू नका. त्यातला वायू ज्वलनशील असतो आणि मोटरच्या ठिणगीनं पेटू शकतो. स्वयंपाकाचं तेल हळूहळू चिकट होतं, म्हणजे जे टाळायचं तेच होतं.

महिन्याला जेमतेम पाच-सहा कागद असतील तर मोटरच नको. पाच पात्यांची कात्री उभी-आडवी दोनदा फिरवली की तुकडे होतात, फक्त हात दुखतो.

शेवटी उरतो कचरा. बारीक तुकड्यांत कागदाचा तंतू आखूड होतो आणि वर्गीकरणाच्या चाळणीतून तुकडे गळून पडतात, त्यामुळे पुनर्वापराच्या बऱ्याच ठिकाणी सुटे तुकडे घेत नाहीत. कागदी पिशवीत बंद करून चालेल का, ते आधी विचारावं. साधा छापील कागद ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये चांगला जिरतो. पावत्यांचा गुळगुळीत कागद आणि चकचकीत मासिकं त्यात घालू नयेत.