देवनागरीत लिहून की आरशात बघून?

तारकर्ली-मालवणकडे पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेणारी पोरं इंग्रजी उच्चार बहुधा शब्दाखाली देवनागरी लिहून शिकतात. प, ब, म, न, स यांपुरतं ते चालून जातं. पण इंग्रजीत 24 व्यंजनध्वनी आहेत आणि त्यातले काही आपल्या लिपीत बसतच नाहीत. लाइफ व्हेस्टमधला व्ही आणि पश्चिमेच्या वेस्टमधला डब्ल्यू बोलताना दोन्ही 'व'च होतात.

इथे आरसा कामाला येतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवून हवा घासत सोडा. डब्ल्यूला दात लागत नाहीत, ओठांचा चंबू करून लगेच सोडायचा. थिंकमधल्या टीएचला जिभेचं टोक दातांच्या कडेशी, आणि हवा वाहती. आपला 'थ' हवा आधी अडवतो. झेड मात्र आरशात दिसत नाही. गळ्यावर बोटं ठेवून लांब 'स' म्हणा आणि मध्येच कंठ घुमवा, की झेड मिळाला. 'जहाज'मधला ज नव्हे. त्यात जीभ टेकते.

आरशाला वेळ लागतो, सुरुवातीला लाजही वाटते. तरी माझं मत आरशालाच. देवनागरी ठेवा, पण व्ही, डब्ल्यू, टीएच, झेडखाली रेघ मारून.