सिटीज: स्कायलाइन्स – आठ महिने, अकरा खाने आणि एक पाखाडी

जूनमध्ये पाऊस लागला की आमचं न्याहारी-निवास बंद. चारही खोल्यांच्या गाद्या गुंडाळून माळ्यावर जातात, अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं आणि दिवेलागणीनंतर करायला काही उरत नाही. अशाच एका संध्याकाळी पुण्याहून आलेल्या भाच्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपवर शहर वसवायचा हा गेम टाकून दिला. "मामा, तुला नकाशे आवडतात ना? मग घे." आता फेब्रुवारी संपत आलाय, भाचा शिमग्याला परत येईल आणि मी अजून खेळतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण विकत घ्यायच्या आधी मी जे शोधत होतो ते मराठीत मला कुठं सापडलं नव्हतं.

मी वापरतो तो पहिला भाग, 2015 सालचा. फिनलंडच्या कोलॉसल ऑर्डरनं बनवलेला, पॅराडॉक्सनं काढलेला. दुसरा भाग 24 ऑक्टोबर 2023 ला आला, पण तो माझ्या लॅपटॉपला झेपणारा नाही. पहिल्या भागालाही 8 जीबी रॅम असेल तरच हात घाला. माझ्याकडे शहर उघडेपर्यंत चहा उकळून, गाळून, अर्धा पिऊन होतो.

ग्राफिक्स, आवाज वगैरेंबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मला सांगायचंय ते रस्त्यांच्या आखणीबद्दल. सुरुवातीला मिळते ती जमीन 1.92 किलोमीटर बाय 1.92 किलोमीटर, हायवेचं एक टोक आणि थोडे पैसे. नवखा माणूस जे करतो तेच मी केलं. एक रस्ता उभा, एक आडवा, परत उभा, परत आडवा, सगळे सारख्या अंतरावर. आठवड्यात शहर भरलं. वरून बघितलं तर न्हाणीघराच्या टाइल्स! आणि खाली उतरून बघावं तर गणपतीत चाकरमानी निघाल्यावर महामार्गाचं जे होतं ते. दर दहा खान्यांवर (रस्त्याकडेच्या जमिनीवर गेम जे चौकोन आखतो, ते खाने) चौक, मोठ्या रस्त्यांच्या चौकांत गेम आपणहून सिग्नल बसवतो, आणि प्रत्येक सिग्नलला गाड्यांची शेपटी. शववाहिका अडकल्या, मेलेली माणसं घरातच राहिली, घरांवर कवट्यांची चिन्हं आली. आईनं चष्मा लावून विचारलं, "हे काय, साथ आली की काय गावात?"

इथं थोडं गणित. गेममधला एक खाना 8 मीटरचा. साधा दोनपदरी रस्ता दोन खाने, म्हणजे 16 मीटर रुंद. त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार खान्यांपर्यंतच घरं उभी राहतात, त्यापुढे नाही. त्यामुळे एका रस्त्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दहा खाने धरले की पाठीला पाठ लावून घरं बसतात आणि एकही खाना वाया जात नाही. सहापदरी रस्ता चार खान्यांचा. तो एका बाजूला असेल तर अकरा धरायचे, दोन्ही बाजूंना असेल तर बारा. हे मोजमाप डोळ्यानं जमत नाही. स्टीमच्या वर्कशॉपवर प्रिसिजन इंजिनिअरिंग नावाचा मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली जोडणी, फुकट मिळतो, तो रस्ता ओढतानाच लांबी आणि कोन दाखवतो. तो पहिल्या दिवशी घ्या, मी तिसऱ्या महिन्यात घेतला.

या दहा खान्यांची एक गंमत आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनचा आराखडा 1811 मध्ये ठरला. त्यात आडवे रस्ते 60 फुटी, दोन रस्त्यांमधली जागा साधारण 200 फूट. मध्यापासून मध्यापर्यंत 260 फूट झाले, म्हणजे 79 मीटर आणि थोडं. गेममध्ये दहा खाने म्हणजे 80 मीटर. तिथले उभे ॲव्हेन्यू 100 फुटी, म्हणजे साडेतीस मीटर. गेममधला सहापदरी रस्ता 32 मीटर. हे मुद्दाम केलंय की जुळून आलंय, कोण जाणे. पण हे कळल्यावर मी जुलैभर मॅनहॅटनच बांधत बसलो होतो.

त्यातनं एक कामाची गोष्ट मिळाली. चौरस नको, लांबट आयत घ्या. मी आता लांब बाजूला दोन जोडरस्त्यांच्या मध्ये 24 खाने ठेवतो, आणि आधी लांब रस्ते ओढतो, मग जोडरस्ते. खान्यांवर हक्क आधी ओढलेल्या रस्त्याचा असतो, म्हणून सगळी घरं लांब रस्त्याकडे तोंड करून ओळीत उभी राहतात आणि कोपऱ्यावर तोंडं फिरवून भांडत नाहीत. मोठ्या रस्त्याला प्रत्येक गल्ली जोडायची नाही. तीन-चार गल्ल्या आतल्या आत एका रस्त्यानं बांधायच्या आणि त्या एकाचंच तोंड मोठ्या रस्त्याला द्यायचं. माझी निम्मी कोंडी एवढ्यानं सुटली.

पण सुंदर? छे. ऑगस्टमधल्या एका रात्री मी अभिमानानं आईला दाखवलं. चाळीस गल्ल्या, एक खाना मोकळा नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आणि परसू कुठं आहे यांचं? कपडे वाळत घालायचे कुठं या बायांनी?"

त्याच रात्री वीज कडाडली, लाईट गेली, आणि लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली. ऑटोसेव्ह मीच बंद करून ठेवला होता, सारखा अडकतो म्हणून. चाळीस गल्ल्या बुडाल्या. रडलो नाही, पण जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी गुहागरात बाजाराला गेलो होतो. लहानपणापासून त्या रस्त्यानं जातोय, पण त्या दिवशी प्रथमच तो रस्ता म्हणून बघितला. समुद्राला समांतर एकच लांब रस्ता, मध्ये व्याडेश्वराचं देऊळ, त्याच्या एका अंगाची वस्ती खालचा पाट, दुसऱ्या अंगाची वरचा पाट. घरांचं रस्त्याकडचं तोंड अरुंद, पण मागे नारळी-पोफळीची वाडी थेट सुरूच्या बनापर्यंत. शिस्त म्हणाल तर कुठल्याही ग्रिडपेक्षा, म्हणजे उभ्या-आडव्या चौकटीच्या आखणीपेक्षा, कमी नाही. फरक एवढाच की समोरच्या बाजूला गर्दी आणि मागच्या बाजूला सावली. मी इतके दिवस फक्त समोरची बाजू आखत होतो.

तेव्हापासून दहाचा हट्ट सोडला. अकरा धरले की मधोमध एक ओळ, 8 मीटरची, मोकळी राहते. बारा धरले तर दोन ओळी, 16 मीटर. हिशेबानं ही जागा वाया गेली. पण त्या पट्ट्यात झाडं लावली आणि पायवाट घातली, दोन्ही टोकं रस्त्याला जोडली, की तीच आपली पाखाडी, कोकणातली घरांमधून जाणारी पायवाट, होते. आणि गेममधली माणसं ती खरोखर वापरतात. जवळच्या जवळ जायचं असेल तर गाडी न काढता चालत जातात, रस्त्यावरची गर्दी त्या मानानं कमी होते. मी कॅमेरा खाली नेऊन एका बाईच्या मागे मागे गेलो. घरातून निघाली, परसातल्या वाटेनं दोन गल्ल्या ओलांडून शाळेच्या बाजूला उतरली. दहा मिनिटं मी नुसता बघत बसलो होतो. लाखभर वस्तीचं शहर उभं केल्याचा आनंद एवढा झाला नव्हता.

सगळीकडे अकरा-बारा करू नका मात्र. बाजाराच्या भागात दहाच ठेवा, दाट. दाटीतून मोकळ्यात आलं तरच मोकळं वाटतं.

किनाऱ्याचा नकाशा घेतलात तर दुसरा प्रश्न येतो. रस्ता किनाऱ्याबरोबर वळवला की आतल्या बाजूचे खाने एकमेकांवर चढतात आणि बाहेरच्या बाजूला फटी पडतात. घरं वेडीवाकडी. त्यावर उपाय म्हणजे वळण घ्यायचंच नाही. सरळ तुकडा, थोडा कोन, परत सरळ तुकडा, आणि प्रत्येक तुकड्याला आपली वेगळी ग्रिड. दोन ग्रिड जिथं भेटतात तिथं त्रिकोणी फट राहते. ती बुजवू नका. माझ्या शहरात अशा तीन फटी आहेत. एकीत बाग, एकीत बाजार, एकीत देऊळ समजून ठेवलेली एक इमारत. मॅनहॅटनमध्येही ब्रॉडवे हा जुना तिरका रस्ता सरळ आखणीला कापत गेला, आणि टाइम्स स्क्वेअर, हेराल्ड स्क्वेअर त्या कापातच झाले. जयपूरचंही ऐका. 1727 मध्ये नऊ चौकोनांचं शहर आखलं, एका कोपऱ्यात डोंगर आडवा आला, तर तो चौकोन उचलून दुसरीकडे नेला.

बार्सिलोना करून बघितलं, फसलं. त्या शहराची आखणी करणाऱ्या सेर्दाच्या 1859 च्या आराखड्यात चौकांचे कोपरे छाटलेले आहेत, त्यानंच ते शहर ओळखू येतं. गेममध्ये कोपरा छाटला की तिरप्या रस्त्याला लागलेले खाने मोडतात आणि चारही बाजूंना रिकामे त्रिकोण. नाद सोडा.

डोंगरउतार ही या गेमची खरी दुखरी जागा. इमारत आपल्यापुरती जमीन सपाट करते आणि शेजारी कडा तयार होतो, जेसीबी फिरवून गेल्यासारखा. मी आता कोकणातल्यासारखं करतो. लांब रस्ते उताराला आडवे, आणि वरखाली जायला शक्यतो पायवाटच. टप्प्याटप्प्यानं घरं बसतात, कडे तेवढे दिसत नाहीत, मध्ये झाडं घातली की गडग्यासारखं, दगडी बांधासारखं, वाटतं.

आणखी काही खटकणाऱ्या गोष्टी. खाली दुकान, वर बिऱ्हाड असा प्रकार पहिल्या भागात नाही, त्यामुळे आपल्यासारखी बाजारपेठ होत नाही; दुसऱ्या भागात ती सोय आहे. चार खान्यांची मर्यादा असल्यानं गुहागरसारखी लांबलचक वाडी घरासकट मिळत नाही, पट्टा वेगळाच आखावा लागतो. दुसऱ्या भागात सहा खाने मिळतात आणि ग्रिड एका झटक्यात टाकायचं हत्यारही आहे, म्हणजे माझी सगळी आकडेमोड तिथं बदलेल. आणि पूर्ण ग्रिड एकदम भरू नका. एकाच वेळी राहायला आलेली माणसं एकाच वेळी म्हातारी होतात आणि एकाच वेळी जातात, मग परत त्या शववाहिका. चार-चार गल्ल्या करून भरा. नवीन नकाशा सुरू करताना डावीकडून गाडी चालवायचा पर्याय निवडायला विसरू नका, नंतर सगळे चौक उलटे वाटतात.

मूळ गेमच्या जोडीला वेगळे पैसे घेऊन विकतात त्या पुरवण्यांपैकी (डीएलसी) मी एकही घेतली नाही, नडलं नाही. मूळ गेम सेलमध्ये घ्या आणि वर्कशॉपवरून मूव्ह इट हा मॉड उतरवा, म्हणजे चुकलेला चौक पाडण्याऐवजी सरकवता येतो.

सध्या किनाऱ्याच्या बारा खान्यांच्या पट्ट्यात माड लावणं चालू आहे. माडासारखं झाड वर्कशॉपवर मिळालं. मी आपला दाटीवाटीनं लावत होतो, तर मागून आई म्हणाली, "एवढे जवळ? नारळ धरणार नाहीत. पंचवीस फूट तरी सोड." पंचवीस फूट म्हणजे साडेसात मीटर, म्हणजे जवळजवळ एक खाना. सगळे उपटले. आता एका खान्यात एक माड, दोन ओळी, मधून पाखाडी. एकशे सात झालेत, भाचा यायच्या आत देवळाच्या त्रिकोणापर्यंत न्यायचे आहेत.