रोम: कोलोसियमच्या नावाखाली २४ हजारांचा चुना

कोलोसियमची तिकिटं सर्चमध्ये सापडलेल्या एका दलालाच्या साइटवरून काढली. माणशी ५९ युरो, चौघांचे २३६. बँकेने युरोला भाव लावला ९८ रुपये ४० पैसे, म्हणजे २३,२२२ रुपये ४० पैसे. त्यावर साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचं बँकेचं शुल्क) ८१२ रुपये ७८ पैसे, आणि मार्कअपवर जीएसटी १४६ रुपये ३० पैसे. एकूण २४,१८१ रुपये ४८ पैसे. एवढं मोजून कोलोसियम पाहिलं ते रस्त्यावरून, जे कुणालाही फुकट दिसतं.

अधिकृत साइटवर (ticketing.colosseo.it) कोलोसियम, शेजारचा रोमन फोरम (प्राचीन चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडी मिळून २४ तासांचं तिकीट १८ युरोला आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना, मग ती कुठल्याही देशाची असोत, प्रवेश मोफत; फक्त शून्य किमतीचं तिकीट काढावं लागतं. म्हणजे दोन मोठे आणि दोन मुलं यांचा खरा खर्च ३६ युरो. वरचे २०० युरो सरळ दलालाच्या खिशात.

"अधिकृत साइट का नाही बघितली?" हा प्रश्न नातेवाइकांनी विचारून झालाय, तुम्ही विचारू नका. बघितली होती. तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात आणि हंगामात चांगल्या वेळा बघता बघता संपतात. आपण बघतो तेव्हा सगळं कॅलेंडर राखाडी. मग सर्च केलं की पहिले तीन-चार निकाल जाहिरातींचे, आणि त्यात 'ऑफिशियल' वाटणारी नावं. २०२५ च्या एप्रिलमध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने याच धंद्यापायी, म्हणजे कोलोसियमची तिकिटं स्वयंचलित प्रणालीने उचलणं वगैरे प्रकारांवरून, तिकीटविक्रीचं पूर्वीचं कंत्राट असलेल्या संस्थेला आणि सहा पर्यटन कंपन्यांना मिळून जवळपास २ कोटी युरोंचा दंड ठोठावला. तेव्हा हा एकट्या-दुकट्याच्या बावळटपणाचा प्रश्न नाही.

पण एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. पैसे भरताना त्या साइटने प्रवाशांची नावं विचारलीच नाहीत. फक्त एक नाव, ईमेल, व्हॉट्सअॅप नंबर आणि "४ व्यक्ती". ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमचं तिकीट नावावर निघतं आणि दारावर पासपोर्टशी ताडून बघतात. नावं न घेता तिकीट निघूच शकत नाही. म्हणजे ज्या क्षणी "बुकिंग कन्फर्म" असा हिरवा टिक आला, त्या क्षणी त्यांच्याकडे तिकीट नव्हतं. शिवाय मुलांचेही पूर्ण ५९ लावले होते. दोन्ही गोष्टी स्क्रीनवर ढळढळीत समोर होत्या! बाजूला "फक्त २ जागा शिल्लक" असं लाल घड्याळ पळत होतं, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, व्हिसाची धावपळ त्याच आठवड्यात संपली होती. अशा वेळी कोण नावांचा रकाना शोधत बसतं?

पुढची युक्ती तर त्याहून सफाईदार. मेट्रो स्टेशनबाहेर गळ्यात बिल्ला अडकवलेला त्या साइटचा 'होस्ट' भेटतो, तिथेच नावं लिहून घेतो, व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, "आधी फोरम बघा, कोलोसियमला आत्ता गर्दी आहे." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. फोरमच्या फाटकावर कोड स्कॅन झाला की तिकीट वापरलं गेलं आणि होस्ट गायब. दोन तास उन्हात दगड तुडवून कोलोसियमच्या दारात गेल्यावर कळतं की हातात आहे तो 'फोरम पास सुपर'. किंमत तीच १८ युरो, त्यात फोरम, पॅलाटाइन आणि सम्राटांचे फोरम येतात. कोलोसियमचा आतला भाग येत नाही. क्यूआर आला की कोड बघू नका, त्याखालचं तिकिटाचं नाव आणि छापील किंमत वाचा. होस्ट समोर असतानाच वाचा. साइटच्या अटींत बारीक अक्षरात "कोलोसियमचं बाह्यदर्शन" असं लिहिलेलं होतं, हे नंतर कळलं. वर मोठ्या अक्षरात मात्र "स्किप द लाइन". सुरक्षा तपासणीची रांग तिथे कुणालाच चुकत नाही, त्यामुळे तो शब्दच लबाडीचा.

दाराबाहेर लगेच दुसरे टपलेले असतात: "आत्ता ग्रुप निघतोय, ४५ युरो." तोंडसुद्धा उघडू नका. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिका या चर्चबाहेरही हेच चालतं, आणि तिथला प्रवेश मुळात मोफत आहे. पँथिऑन या प्राचीन मंदिराचं तिकीटही अधिकृत दरानेच घ्या, त्याहून जास्त कुणी मागितले तर पुढे चला.

जेवणातही तेच. मेन्यूत माशापुढे ७.५० लिहिलेलं, शेजारी बारीक 'एचजी'. म्हणजे १०० ग्रॅमचा भाव. मासा निघाला १,१५० ग्रॅमचा: ८६ युरो २५ सेंट. बाजारात पापलेट डोळ्यांसमोर तोलून घेणाऱ्या घरात हे व्हावं, याची लाज वेगळीच. 'एचजी' किंवा 'एत्तो' (१०० ग्रॅमसाठीचाच इटालियन शब्द) दिसला की शिजवण्याआधी वजन आणि रक्कम कागदावर मागा. न मागता आलेला पाव परत पाठवा, त्याचे माणशी अडीच युरो लावले होते. पाण्याची बाटली घेऊच नका; रोमभर नळाची कारंजी आहेत, पाणी पिण्याचं आणि फुकट. बिलाऐवजी कागदाचा चिटोरा दिला तर पक्की पावती मागा. पावती नाकारली तर ११७ वर आर्थिक पोलिसांना तक्रार करता येते, आणि नुसता आकडा उच्चारल्यावर बरेचदा पावती येते.

आता तक्रारीचं. तिथल्या पोलिस ठाण्यात दीड तास बसवलं. अर्ज इटालियनमध्ये. अधिकाऱ्याने अटींचा स्क्रीनशॉट बघितला आणि सांगितलं की तिकीट मिळालंय, फोरममध्ये गेलात, मग हा दिवाणी वाद. कंपनीची नोंदणी इटलीबाहेरची, तेव्हा तिकडे जा. तिकडे म्हणजे कुठे, ते सांगायचं काम त्यांचं नाही! तिकिटावर नाव छापतात, पासपोर्ट तपासतात, कॅमेरे लावतात, आणि स्टेशनबाहेर रोज उभा राहणारा बिल्लेवाला कुणाला दिसत नाही? मायदेशी आल्यावर सायबर पोलिस म्हणाले, व्यवहार परदेशातला. बँकेच्या कॉल सेंटरने तर कहर केला. तक्रार ऐकली आणि परस्पर 'फ्रॉड' या सदरात टाकली. मग उत्तर आलं: ओटीपी तुम्हीच टाकलात, सबब दावा फेटाळला. अरे, ओटीपी टाकला हे कोण नाकारतंय? विकलेली वस्तू दिली नाही, ही तक्रार आहे!

म्हणून कार्डावरून गेलेले पैसे बँकेकडे परत मागताना 'फ्रॉड' हा शब्द तोंडातून काढू नका. "सेवा वर्णनाप्रमाणे नाही" याच कारणाखाली लेखी अर्ज द्या, फोनवर नाही. सोबत साइटच्या मुख्य पानाचा स्क्रीनशॉट, मिळालेलं तिकीट, अधिकृत साइटवरची किंमत आणि होस्टबरोबरचं व्हॉट्सअॅप संभाषण जोडा. स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, कारण आठवड्याभरात त्या पानावरचा मजकूर बदलला होता. आमचा दुसरा अर्ज या कारणाखाली गेलाय. बँकेचं म्हणणं, कंपनीच्या उत्तराची वाट बघा.