विद्युतचुंबकाचा प्रयोगसंच : आठ महिने वापरल्यानंतर

लेकीच्या दहावीसाठी हा संच जुलैमध्ये मागवला. ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा तिला वाचून कळायचा, पण आकृतीत बाणाची दिशा विचारली की गाडी अडायची. संचात दोन पट्टीचुंबक, चुंबकसूची, लोहकिसाची डबी, तांब्याची तार, एक खिळा आणि दोन सेलचा होल्डर येतो.

पहिल्या संध्याकाळी सूची जागची हललीच नाही. मला वाटलं, सेल गेले. पण तारेवर इनॅमलचा पारदर्शक थर होता. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली तेव्हा कुठे प्रवाह सुरू झाला. शिवाय तार आम्ही सूचीवर पूर्व-पश्चिम धरली होती. उत्तर-दक्षिण, म्हणजे सूचीला समांतर धरली आणि सूची झटकन वळली. तीच तार सूचीखाली सरकवली, तर उलट्या बाजूला! डॅनिश शास्त्रज्ञ ओरस्टेडने १८२० मध्ये पाहिला तो हाच विक्षेप. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम (अंगठा प्रवाहाच्या दिशेने, तर वळलेली बोटं चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने) लेकीला त्यानंतर घोकावा लागला नाही.

विद्युतचुंबकात आम्ही जास्त रमलो. खिळ्यावर तारेचे वेढे दिले: २० वेढ्यांना ४ टाचण्या चिकटल्या, ४० वेढ्यांना ९. मात्र प्रवाह बंद केला तरी दोन टाचण्या लोंबकळतच राहिल्या. संचातला खिळा पोलादी, त्यात चुंबकत्व उरतं. मग बांधकामाच्या बाइंडिंग तारेचे तुकडे जुडी करून आत घातले. तार सेलपासून सोडवली की सगळ्या टाचण्या खाली. गाभा मऊ लोखंडाचा का, याचं उत्तर तिने त्याच रात्री स्वतःच्या शब्दांत लिहिलं.

तक्रारीही आहेत. तार फारच तोकडी. मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणखी आणली. सूचीला चुंबकांशेजारीच खाचा दिलाय, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तिचे ध्रुव उलटले आणि लाल टोक दक्षिण दाखवू लागलं. चुंबक घासून ती सुधारली, आता वेगळ्या डबीत ठेवतो. तारेला रोध जवळजवळ नाहीच, सेल लगेच तापतात, तेव्हा पाच सेकंदांवर जोडून ठेवू नका. ही सूचना पत्रकात असायलाच हवी होती.

चलित्र (मोटार) आणि जनित्र (जनरेटर) यात नाही. फ्लेमिंगचे दोन्ही नियम, चलित्राला डावा हात आणि जनित्राला उजवा, आम्ही जुन्या प्रश्नपत्रिकांवरच पक्के केले. तिथे लेकीची एक चूक सारखी व्हायची: पेन उजव्या हातात, म्हणून जनित्राच्या प्रश्नालाही मोकळा डावा हातच पुढे. आम्ही सवयच लावली, जनित्र दिसलं की आधी पेन खाली ठेवायचं. आणि आकृत्यांचा सराव वहीतच करावा लागतो. नालकुंतलाच्या, म्हणजे तारेच्या लांबट वेटोळ्याच्या, बलरेषा तिने किमान वीसदा काढल्या असतील.

एवढ्या त्रुटी असूनही मी हा संच घ्या असंच सांगेन, फक्त तार आणि बाइंडिंग तारेची जुडी सोबत आणा. लेकीची परीक्षा झाली. आता तो आठवीतल्या धाकट्याकडे गेलाय, त्याची विद्युत घंटेची जुळवाजुळव सुरू आहे.