लाईट गेली की सगळं विसरणारा चिलर: किनाऱ्यावरचे तेरा महिने

१२ मेला संध्याकाळी कुडाळहून घरी आलो तेव्हा माझ्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीचं पाणी ३१.४ अंशांवर होतं. ते गार ठेवणारं यंत्र, म्हणजे चिलर, चालू होता. पंखा फिरत होता, कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येत होती, पण जाळीतून बाहेर येणारी हवा गार लागत होती. एरवी ती चांगली गरम असते. म्हणजे गॅस गेला होता. टोडस्टूल लेदर हा मऊ प्रवाळ मुठीसारखा आवळून बसला होता आणि सकाळपर्यंत डुलणारा झेनिया, तोही प्रवाळच, खडकावर चिकट लगदा होऊन पडला होता. त्या रात्री बर्फाच्या बाटल्या सम्पमध्ये (टाकीखालच्या पाण्याच्या छोट्या टाकीत) सोडत तीन वाजेपर्यंत जागलो आणि तेव्हाच या यंत्राबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं. पुढचा बराचसा मजकूर मे महिन्यातल्या रागात लिहिलेला आहे. तो तसाच ठेवतो. शेवटचा भाग जुलैतला आहे.

चिलर एक-दशांश एचपीचा, गेल्या जूनमध्ये २४,५०० रुपयांना घेतलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

टाकी तीन बाय दीड बाय दीड फुटांची, खाली सम्प, खडक आणि वाळू वजा जाता पाणी साधारण १७० लिटर. घर तारकर्लीच्या अलीकडे, समुद्र चारशे पावलांवर. टाकीत सगळे मऊ प्रवाळ: झोआ, मशरूम, केनिया ट्री, ग्रीन स्टार पॉलिप आणि तो टोडस्टूल. कठीण प्रवाळ एकही नाही आणि येणारही नाही. खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंक्तीत. सी फॅनसुद्धा त्यातच. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हे किल्ल्याजवळचं काय?" मी दर वेळी तेच सांगतो. सिंधुदुर्गाच्या भोवतीचं प्रवाळ तिथेच राहायला हवं, तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडाही घरी आणायचा नाही. माझे फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचे लावायचे तुकडे, मुंबईतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत वाढलेले, थर्मोकोलच्या खोक्यातून तुतारी एक्स्प्रेसने एका रात्रीत आलेले.

दिवा, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारा), वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) यांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मऊ प्रवाळांना मध्यम उजेड पुरतो, त्यासाठी पंचवीस-तीस हजारांचा दिवा घेऊ नका. स्किमर स्वस्तातला आहे आणि काम करतो. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मात्र आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर लावून घ्या. माझा दोन पीपीटीने चुकत होता आणि चार महिने मला पत्ता नव्हता.

खरा प्रश्न उष्णतेचा. चिलर घेण्याआधीचं एक वर्ष मी पंख्यांवर काढलं. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारे दोन छोटे पंखे, खर्च सहाशे रुपये. जानेवारीत रात्री मतलई वारे सुटतात, हवा कोरडी असते, तेव्हा या पंख्यांनी पाणी खोलीपेक्षा अडीच अंश खाली राहायचं. रोज चार लिटर पाणी उडायचं, तेवढं आरओचं पाणी ओतायचं, कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. मी खूश होतो. मे महिना आला आणि तेच पंखे एक अंशसुद्धा खाली आणेनात. पंखा पाणी उडवून गारवा देतो. अंगावरचा घाम वाळत नाही अशा हवेत टाकीतलं पाणी कसं उडणार? पुण्या-नाशिकच्या मंडळींचा "पंखा पुरतो" हा सल्ला त्यांच्या गावी खरा असेल, कोकणच्या उन्हाळ्यात तो चालत नाही.

आणि हे एक-दोन अंश किरकोळ नसतात. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात, त्याचं बरंचसं अन्न तीच बनवतात. पाणी सवयीपेक्षा एक-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसंच राहिलं की ही शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढराफटक होतो. समुद्रात १९९८ मध्ये हे जगभर झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगभरातलं चौथं ब्लीचिंग जाहीर केलं. समुद्राचं माझ्या हाती काही नाही, या १७० लिटरचं आहे, म्हणून मन घट्ट करून चिलर घेतला.

आता त्या बटणाबद्दल.

या चिलरला लाईट जाऊन आल्यावर काहीच आठवत नाही. आपण २६ अंश लावलेले असतात. लाईट जाते, दोन मिनिटांनी येते, पडद्यावर 'ऑफ' अशी अक्षरं उमटतात आणि यंत्र तसंच बसून राहतं. बटण तीन सेकंद दाबून धरायचं, मग ते सुरू होतं, तेही २८ अंशांवर. मग पुन्हा चार वेळा दाबून २६ वर आणायचं. माहितीपुस्तकात याचा उल्लेख नाही. विकणाऱ्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण असा प्रश्न विचारावा लागेल हे डोक्यात आलंच नव्हतं. साधा फ्रीज लाईट आली की आपोआप चालू होतो.

आमच्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. माडाची झावळी तारेवर पडली की गेली, वीज कडाडली की गेली. गेल्या जुलैत एका दिवशी मी वहीत नोंद केली, १४ वेळा. चौदा वेळा कुणीतरी उठून ते बटण दाबलं. मी नोकरीला, म्हणून ते कुणीतरी म्हणजे आई. तिचं वय सत्तर. तिने हे काम इतकं मनावर घेतलं की दुपारची झोपही पडवीजवळच्या बाकावर घेऊ लागली. दिवसातून दोन-तीनदा फोन यायचा, "लाईट इली, बटान दाबलंय हां. सव्वीस दिसता." टाकीबद्दल सुरुवातीला तिचा एकच सवाल होता: "समुद्र दारात आसा आणि तू मीठ इकत हाडतंस?" तीच आई आता माझ्याआधी तापमान बघते. पण म्हाताऱ्या माणसाची झोप मोडून चालणारं यंत्र मला चांगलं म्हणता येत नाही. थंड करण्यात हा चिलर उत्तम होता. काही तासांत ३० वरून २६ वर आणायचा, आवाज बेताचा, पाणी एक थेंब गळलं नाही. तरीही मी लोकांना हा घेऊ नका म्हणूनच सांगत राहिलो, ते या एका बटणामुळे.

लाईट गेल्यावर पहिला धोका उष्णतेचा नसतो, प्राणवायूचा असतो, हेही इथे सांगून ठेवतो. पाणी हलायचं थांबलं की गरम पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो. त्यासाठी १२ वॅटचा वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर घेतला आहे आणि तो रात्रभर सहज चालतो. चिलर इन्व्हर्टरवर टाकू नका, बॅटरी बघता बघता उतरते.

मे महिन्यात गॅस का गेला, तेही कळलं. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत फेकतो. माजघरात ठेवला तर तीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि रात्रंदिवस चालतो. म्हणून मी तो पडवीत ठेवला होता, समुद्राच्या बाजूला. दिवसभर खारे वारे थेट त्याच्या जाळीवर. आतल्या पाण्याच्या भागाला काहीच झालं नाही, कारण तिथे टायटॅनियमची कॉइल असते. समुद्राचं पाणी तिला खात नाही आणि तांब्यासारखी ती प्रवाळाला विषही होत नाही. पण हवेच्या बाजूचा कंडेन्सर तांब्याच्या नळ्यांचा आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि वर खारट ओल, की ॲल्युमिनियम आधी जातं. बोट लावलं तर पट्ट्यांचा पांढरा भुगा हातात आला. एका वाकणावर हिरवट बुरा धरला होता, गॅस तिथूनच निसटला.

सर्व्हिसला फोन केला तेव्हा वॉरंटीचा अकरावा महिना चालू होता. आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग बिलाची प्रत, मग तीच बिलाची प्रत पुन्हा. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं: गंज वॉरंटीत येत नाही, यंत्र स्वखर्चाने मुंबईला पाठवा, कंडेन्सर बदलायचे ९,८०० रुपये. मी फोनवर शांतपणे म्हटलं, "साहेब, हे यंत्र खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी म्हणूनच विकलंत ना? मग खारी हवा लागेल हे तुम्हाला माहीत नव्हतं?" त्यावर "सर, पॉलिसी आहे" याखेरीज शब्द मिळाला नाही. बटणाचं विचारलं तर म्हणाले, ते सुरक्षेसाठी आहे. कशापासून सुरक्षा, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

इथपर्यंतचं मे-जूनमध्ये लिहिलं होतं. जुलैत मत बदललंय, निदान अर्धं तरी.

९,८०० द्यायला मन धजेना. कुडाळच्या एका फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे यंत्र नेलं. त्याने चिलर आयुष्यात पाहिला नव्हता. झाकण उघडलं, पाच मिनिटं नुसता बघत बसला आणि म्हणाला, "हो तर फ्रीजच." खराब कंडेन्सर कापून काढला, फ्रीजची काळा रंग दिलेली लोखंडी तारांची कॉइल बसवली, आर-१३४ए गॅस भरला. २,८०० रुपये. मग मी त्याला बटणाची गोष्ट सांगितली. त्याने चिलरचं मूळ कंट्रोल कार्डच बाजूला केलं आणि एसटीसी-१००० हा साधा टेम्परेचर कंट्रोलर जोडला, साडेसहाशे रुपयांचा. त्यात एफ-१ म्हणजे हवं ते तापमान, २६. एफ-२ म्हणजे फरक, अर्धा अंश. एफ-३ म्हणजे कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीची थांबण्याची वेळ, तीन मिनिटं. ही वेळ महत्त्वाची. बंद पडल्याबरोबर लगेच चालू झाला तर आतल्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसरला जोर लावावा लागतो आणि तो जळू शकतो. पाण्याचा प्रवाह थांबला तर यंत्र बंद करणारा फ्लो स्विच मात्र काढू दिला नाही, तो सिरीजमध्ये ठेवला. तो नसेल आणि पंप बंद पडला तर आत बर्फ धरतो. हे काम अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) नीट असलेल्या घरातच करा, आणि जाणकाराच्या हातून.

एक दोष या कंट्रोलरलाही आहे. त्याच्या सेन्सरचं टोक पोलादी, खाऱ्या पाण्यात गंजतं. मी त्यावर मत्स्यालयाच्या सिलिकॉनचा जाड थर चढवून दोन दिवस वाळवला, मगच सम्पमध्ये सोडला.

पहिल्या रात्री मुद्दाम मेन स्विच बंद करून चालू केला. आकडा लगेच आला, २६.८. तीन मिनिटं दिवा लुकलुकत राहिला आणि मग रिलेचा टक् असा आवाज होऊन कॉम्प्रेसर सुरू झाला. आई शेजारी उभी होती. तिने विचारलं, "आता दाबूक नको?" नको म्हटल्यावर काही न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माजघरात झोपली होती, अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

चिलर आता पडवीतून मागील दारी नेला आहे, चिऱ्याच्या भिंतीआड, वर पत्र्याची छोटी पडवी काढून. पाइप चार मीटर लांबले, त्यांना एसीच्या नळीवरचा काळा फोम गुंडाळला. दर रविवारी कंडेन्सरवर गोड्या पाण्याचा फवारा मारतो, आधी प्लग काढून. मीटर लावून पाहिलं, मेमध्ये बिघडायच्या आधी रोज २.३ युनिट लागत होते, आता पावसात एक युनिटसुद्धा लागत नाही. वाचलेले सहा हजारांहून जास्त रुपये टाकीचं पाणी बनवायच्या मिठात जातील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे आतल्या खोल पाण्याचे कॅन मिळत नाहीत. किनाऱ्याचं पाणी घ्यावं तर कर्ली नदीचा लाल पूर त्यात मिसळलेला. या महिन्यात खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) मोजला, १.०१८ भरला, टाकीला १.०२५ हवा. आईच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला रिफ्रॅक्टोमीटरमधून दाखवलं.

झेनिया गेला तो गेला. मशरूम फिके पडले होते, त्यांना रंग परत येतोय. टोडस्टूल अकरा दिवस मिटलेला होता, वर मेणचट पापुद्रा धरला होता, आणि मी तो मेला असं धरून बाहेर काढायला हात घातला होता. वेव्हमेकरचा झोत त्याच्याकडे वळवून एक रात्र थांबलो. सकाळी पापुद्रा सुटून वाहत होता आणि खालून पिवळसर बोटं बाहेर आली होती. लेदर अशी कात टाकतात हे वाचलं होतं, पण त्या सकाळी आठवलं नव्हतं. तुमचा लेदर मिटला तर दोन आठवडे वाट बघा, वास येऊ लागल्याशिवाय काढू नका.

तर यंत्राचं सांगायचं म्हणजे कॉम्प्रेसर आणि टायटॅनियम कॉइल उत्तम, कार्ड आणि कंडेन्सर कोकणच्या कामाचे नाहीत. नवीन घेणार असाल तर दुकानात प्लग काढून पुन्हा लावायला सांगा आणि आपण लावलेला आकडा परत येतो का ते बघा. मी आता दुसऱ्यांदा घेताना दुसरं काहीच आधी बघणार नाही. आणि रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ल्याकडे कुणाचा चिलर दोन पावसाळे टिकला असेल तर तो घरात कुठे ठेवलाय आणि समुद्रापासून किती लांब, एवढं जरूर लिहा. मला एक फ्रॅग टाकी सुरू करायची आहे.